चार भोकांचं ऑपरेशन

शहरात चढावरच्या सिग्नलला जो कोणी घाम न फुटता गाडी थांबवतो आणि एक इंचही मागे न घसरता पुढे काढतो, तो बहुधा हाफक्लच बाईंचा विद्यार्थी असतो. बाईंचं खरं नाव वेगळं होतं, पण ते ड्रायव्हिंग स्कूलच्या रजिस्टराबाहेर कधी पडलं नाही. सव्वीस वर्षं त्या शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसल्या. त्या सीटखालीही एक ब्रेक आणि एक क्लच होता, आणि तोंडी एकच पालुपद. "हाफ क्लच, हाफ क्लच! एकदम सोडू नका हो, पाय आहे की हातोडा?" कोर्टातला कारकून त्यांच्याकडे शिकला, कन्याशाळेची मुख्याध्यापिका शिकली. एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन सख्खे भाऊसुद्धा शिकले, एक सोमवारी आणि एक मंगळवारी.

बाईंचे यजमान पुस्तकं बांधत. सगळी आळी त्यांना बाइंडर म्हणे. तळमजल्यावर पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. तिथे खळीचा वास, लोखंडी दाबयंत्र, आणि विद्यापीठात द्यायच्या प्रबंधांचे काळे-निळे गठ्ठे. मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या पलीकडे संडास. झोपायची खोली वर, चौदा पायऱ्या चढून. एकुलती एक मुलगी लग्न होऊन तीन तासांच्या अंतरावरच्या गावी गेलेली. असं आटोपशीर घर, आणि त्यात दोन माणसं. एक दिवसभर बोलायची, एक दिवसभर गप्प असायचा, त्यामुळे संध्याकाळी हिशेब बरोबर जमायचा.

चोपन्नाव्या वर्षी बाईंना शौचाला रक्त पडायला लागलं. बैठं काम म्हटलं की मूळव्याध आलीच, असं म्हणून त्यांनी आठ महिने ते अंगावर काढलं. शेवटी एकदा बाइंडरनीच पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप घातलं, चपला पायात सरकवल्या आणि दारात उभे राहिले. "चल." एवढंच.

नळीचा कॅमेरा घालून तपासणी झाली, तुकडा तपासायला गेला, आणि आठवड्याने कागद आला. मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात, मलाशयात, कॅन्सरची गाठ.

ऐकलं तेव्हा बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पण रडायच्या आधी त्यांना आठवली ती म्हण. त्यांचा जावई खरोखरच डॉक्टर होता, पण दातांचा. फोनवर मुलगी हुंदके देत होती तर बाई म्हणाल्या, "अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात ना, त्यातून मी थोडक्यात वाचले बघ. आपले जावई दुसऱ्या टोकाचे डॉक्टर आहेत." मुलगी रडता रडता हसली, आणि मग दोघी मिळून रडल्या.

आधी पाच आठवडे रेडिएशन झालं. मग ऑपरेशन. सर्जन मोठा हुशार आणि हाताचा हलका असा गृहस्थ. त्याने कागदावर पोटाचं चित्र काढून दाखवलं. "दुर्बिणीतून करू. पोट फाडायचं नाही. चार छोटी भोकं आणि खाली एक बोटभर छेद. आठवड्याभरात घरी."

चार भोकं हा शब्द नातेवाइकांत वाऱ्यासारखा पसरला. नणंद भेटायला आली ती बाईंच्या पायथ्याशी बसून म्हणाली, "चारच? अगं वहिनी, माझ्या कानांना सहा आहेत!" सगळे हसले. बाईंनाही धीर आला. चार भोकांचं ऑपरेशन ते काय, चार दिवसांत माणूस उठून कामाला लागेल.

ऑपरेशन उत्तम झालं. गाठ मुळासकट निघाली. आतला जोड भरून यावा म्हणून सर्जनने आतड्याचं तोंड तात्पुरतं पोटावर काढलं आणि त्याला पिशवी लावली. तीन महिने सगळं त्या पिशवीत. ती कशी रिकामी करायची, भोवतालची कातडी कशी जपायची, हे शिकवायला हॉस्पिटलात एक प्रौढ सिस्टर होत्या. सगळा वॉर्ड त्यांना पिशवीवाल्या सिस्टर म्हणे. बाई पंधरा दिवसांत पिशवीत तरबेज झाल्या. सव्वीस वर्षं दुसऱ्याला शिकवलेल्या माणसाला शिकायची लाज कसली?

तीन महिन्यांनी पिशवी निघाली. आतडं परत पोटात गेलं, भोक शिवलं गेलं, आणि जो तो म्हणाला, सुटलीस!

खरी कथा सुरू होते ती इथून.

पहिल्या आठवड्यात बाई एका दिवसात सतरा वेळा संडासला गेल्या. मोजल्या म्हणून सतरा. जायच्या, थोडंसं व्हायचं, हात धुऊन बाहेर येऊन टॉवेलला हात लावतात न लावतात तोच परत. परत आल्या की परत. कधी तासाभरात सहा खेपा, आणि मग दोन दिवस काहीच नाही. त्याहून वाईट म्हणजे आलेला वारा आहे की आणखी काही, हेच कळेनासं झालं. जे अंग चोपन्न वर्षं न विचारता आपलं काम करत होतं, ते आता दार वाजवायचं आणि कोण आलंय ते सांगायचं नाही. आणि वाजवलं की उघडायला धड पाच मिनिटांचीही सवड द्यायचं नाही. बाई चड्डीत पॅड लावायला लागल्या. पॅडवर डाग दिसला की बाथरूमच्या थंड फरशीवर बसून राहायच्या.

चौदा पायऱ्या उतरून संडास गाठणं ही रोजची शर्यत झाली. ती बाई हरायला लागल्या तेव्हा बाइंडरनी एका दुपारी प्रबंधांचे गठ्ठे भिंतीशी रचले, दाबयंत्र कोपऱ्यात ओढलं आणि वरचा पलंग सुटा करून दुकानात आणून जोडला. गिऱ्हाईक आलं की ते पलंगावर चादर अंथरून त्यावर कापड कापत. कोणी विचारलंच तर म्हणत, "टेबल मोठं घेतलंय."

बाहेरच्या जगाला यातलं काही दिसत नव्हतं. पोटावरची भोकं चार फिकट ठिपक्यांएवढी उरली होती. जो भेटेल तो म्हणे, "अरे वा, तब्येत छान दिसतेय! दुर्बिणीची कमाल!" बाई हसून मान हलवत आणि डोळ्यांनी जवळचा संडास शोधत.

तपासणीच्या दिवशी सर्जनने रिपोर्ट पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. "स्वच्छ! अगदी स्वच्छ. कसं चाललंय मग?"

"ठीक," बाई म्हणाल्या.

बाहेर पडताच बाइंडरनी विचारलं, "सांगितलंस का?"

"काय सांगू? माणसाने माझा जीव वाचवला, आणि मी त्याच्यापुढे संडासाचं रडगाणं गाऊ? त्या बाकावर बसलेत त्यांच्याकडे बघा. त्यांच्यापैकी कोणीही माझ्याशी अदलाबदल करेल."

बाइंडरनी बाकाकडे पाहिलं नाही, बाईंकडेच पाहिलं.

पिशवी निघाल्यावर पाचव्या महिन्यात बाई कामावर परतल्या. घरी बसून भिंतींना हाफ क्लच सांगायची पाळी आली होती. स्कूलच्या मालकांना त्यांनी काही सांगितलं नाही. त्याऐवजी शहराचा एक नवा नकाशा डोक्यात तयार केला. पेट्रोल पंप, सार्वजनिक वाचनालय, रेल्वे स्टेशनची बाहेरची बाजू, जिल्हा हॉस्पिटलची ओपीडी, बागेच्या कोपऱ्यावरचं हॉटेल. कुठे दार आतून लागतं, कुठे पाणी असतं, कुठे दुपारी कुलूप असतं, सगळं पाठ. सगळे धडे आता या खुंट्यांना बांधले गेले. मागे घ्यायचं शिकवायचं तर वाचनालयाच्या मागच्या अंगणात. चढावर थांबायचं तर हॉस्पिटलच्या फाटकासमोर. विद्यार्थ्यांना नवल वाटे की बाई एवढी वाचनाची आवड कधीपासून लावून घेऊन बसल्या, दर धड्याला एकदा तरी वाचनालयात जाऊन येतात! सकाळी धडे असले की बाई दुपारपर्यंत पोटात घोटभर चहाखेरीज काही जाऊ देत नसत. वजन उतरत चाललं. ऑपरेशनने नेलं नाही तेवढं उपासाने नेलं.

त्याच सुमारास एक फुलवाली शिकायला आली. पुलाच्या पलीकडे तिचं फुलांचं दुकान होतं. चाळिशीची, तोंडाने फटकळ, पण स्टिअरिंग हातात आलं की पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखी. घरपोच फुलं द्यायला तिने एक जुनी व्हॅन घेऊन ठेवली होती, आणि ती दुकानासमोर धूळ खात उभी होती. सहा धडे झाले तरी तिची गाडी दर सिग्नलला बंद पडे. मागचे हॉर्न वाजवायला लागले की ती दोन्ही हात सोडून डोळे मिटून घेई. बाई म्हणत, "डोळे मिटून देवाला बोलवा, गाडीला नाही. गाडीला चावी लागते."

सातव्या धड्याला वाचनालयाचा रस्ता खणून ठेवलेला निघाला. पोलिसाने हात करून सगळी वाहनं पुलाकडे वळवली. पूल अरुंद. एकामागे एक गाड्या मुंगीच्या पावलाने चाललेल्या, डावीकडे कठडा, उजवीकडे समोरून येणारी रांग. पुलाच्या मध्यावर बाईंच्या पोटात कळ उठली.

ती कळ त्या ओळखत होत्या. ती आली की चार-पाच मिनिटं हातात, फार तर.

जागा बदलून स्वतः चालवावं तर दार उघडायला जागा नाही. उतरून धावावं तर पुलाला दोन्ही टोकं सारखीच लांब. बाईंनी डॅशबोर्ड घट्ट धरला. कपाळावर घामाचे थेंब आले. फुलवालीने ते पाहिलं आणि तिला वाटलं, आपल्या चालवण्याने आले.

"बाई, थांबवू का?"

"थांबवू नका." बाई म्हणाल्या. गेल्या पाच महिन्यांत जे सर्जनला सांगितलं नव्हतं, मालकाला नाही, सख्ख्या नणंदेला नाही, ते सात दिवसांच्या ओळखीच्या बाईला सांगायची वेळ आली होती. "ऐका. मला संडासला जायचंय. आत्ताच्या आत्ता. माझं आतड्याचं ऑपरेशन झालंय, मला धरून ठेवता येत नाही. तुमचं दुकान पुलापलीकडे आहे ना?"

फुलवालीने एकदा बाईंकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. आणि काय झालं कोणास ठाऊक, तिचे खांदे खाली आले. क्लच अर्ध्यावर, पहिला गिअर, थांब, सोड, पुढे. समोरच्या ट्रकने जागा दिली की पुढे, नाही दिली तर हॉर्नवर तळहात ठेवून पुढे. पूल संपताच दुसरा गिअर, मग तिसरा. तिसरा गिअर तिने जन्मात पहिल्यांदा टाकला. दुकानासमोर गाडी अशी थांबवली की बाईंचं दार बरोबर दुकानाच्या दारापाशी आलं.

"आत, बादल्यांच्या मागे, डावं दार!"

बाई पोचल्या. अगदी कोऱ्या पोचल्या असं नाही, पण पोचल्या.

मग त्या दाराआडच बसून राहिल्या. बाहेरून फुलांचा ओला वास येत होता आणि बाईंना वाटत होतं, इथून बाहेर पडायचं नाही, इथेच संपावं. एवढ्यात दाराच्या फटीतून एक घडी केलेली पँट, साबण आणि फुलं बांधताना घालायचा हिरवा एप्रन आत सरकला.

"पँट माझी आहे, ढगळ होईल तुम्हाला. कमरेला सुतळी बांधा, सुतळी भरपूर आहे इथे."

बाई बाहेर आल्या तेव्हा फुलवाली दांडे तासत बसली होती. तिने वर पाहिलं नाही. एक स्टूल पायाने पुढे सरकवलं.

"माझी एक मावशी होती," ती म्हणाली. "बाळंतपणानंतर तिचं असंच झालं. बारा वर्षं ती कोणाच्या लग्नाला गेली नाही, बारशाला नाही, आमच्या घरीसुद्धा नाही. आम्ही सगळे म्हणायचो, मावशी शिष्ट आहे. ती गेल्यावर तिच्या लेकीने सांगितलं खरं काय ते. उपाय होता हो त्यावर. साधा उपाय होता. पण विचारलं कोणाला होतं तिने?" तिने कात्री खाली ठेवली. "तुम्ही सांगितलंत डॉक्टरांना?"

बाईंनी मान हलवली. नाही.

"मग मला गाडीत ओरडता कशाला, 'कळलं नाही तर विचारा, विचारायला लाज कसली' म्हणून?"

बाई हसायला लागल्या. सुतळीने बांधलेली पँट धरून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

दुसऱ्या दिवशी बाई हॉस्पिटलात गेल्या त्या थेट पिशवीवाल्या सिस्टरांकडे. सिस्टरांनी दार लावून घेतलं, टेबलावरचा फोन बाजूला ठेवला आणि विचारलं, "दिवसाला किती वेळा? गळतं का? वारा कळतो का? पोचेपर्यंत दम निघतो का? बाहेर जाणं टाळता का?" बाईंना वाटलं, ही बाई माझ्या घरात लपून बसली होती की काय.

"मला एकटीलाच असं होतंय?" त्यांनी विचारलं.

"एकटीला? या खुर्चीवर बसणारी निम्मी माणसं हेच सांगतात. उरलेली सांगत नाहीत, एवढंच." सिस्टरांनी सर्जनने काढलं होतं तसंच चित्र काढलं, पण शब्द वेगळे वापरले. "हे बघा. मलाशय म्हणजे गोदाम. माल येईल तसा साठवायचा आणि सवडीने बाहेर काढायचा. तुमचं गोदामच काढून टाकलंय. आता कारखान्याचा पट्टा थेट दुकानाच्या दारात. त्यात दाराचा पहारेकरी रेडिएशनने आणि ओढाताणीने दमलेला. बाहेरून चार भोकं पडोत नाहीतर पोट उभं फाडो, आत गोदाम गेलं ते गेलंच. दुर्बिणीने बाहेरची जखम लहान केली. आतल्याला वेळ लागतो. वर्ष, दीड वर्ष, कधी दोन."

"पण बरं होतं?"

सिस्टरांनी थोडा वेळ घेतला. बाईंना तो आवडला. पटकन हो म्हणाल्या असत्या तर विश्वास बसला नसता.

"पहिल्यासारखं होईलच असं मी म्हणत नाही. पण तुम्ही त्याच्या तालावर नाचताय, ते थांबवता येतं. आणि आधी उपाशी राहणं बंद करा. रिकामं आतडं जास्त उड्या मारतं."

सर्जनलाही बोलावलं. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरला. "मी विचारलं होतं तुम्हाला," तो म्हणाला. आणि मग स्वतःच म्हणाला, "नाही. मी 'कसं चाललंय' विचारलं होतं. ते विचारणं नव्हे." त्याने गोळ्या लिहून दिल्या, आतड्याची चाल मंद करणाऱ्या. कधी अर्धी, कधी एक, आणि केव्हा घ्यायची तेही ठरवून. सकाळ-संध्याकाळ इसबगोल. आणि तळाचे स्नायू आवळून धरायचे व्यायाम, दिवसातून तीन वेळा, एका व्यायामवाल्या मॅडमच्या देखरेखीखाली.

त्या मॅडम पहिल्या दिवशी म्हणाल्या, "एकदम आवळायचं नाही, एकदम सोडायचं नाही. हळूहळू अर्ध्यावर आणा, धरा, मग सावकाश सोडा." बाई गंभीरपणे म्हणाल्या, "मॅडम, या विषयात मी सव्वीस वर्षं नोकरी केली आहे."

बाइंडरनी त्यांना एक वही बांधून दिली. चांगल्या कागदाची, कापडी पुठ्ठ्याची, दर पानावर रेघा स्वतः आखलेल्या. काय खाल्लं, कधी खाल्लं, किती वेळा जावं लागलं. महिनाभरात वही बोलायला लागली. भात आणि केळं निमूट राहत. कांदा बंडखोर. सकाळची कॉफी म्हणजे शत्रूला पाठवलेलं आमंत्रण. रात्रीचं जेवण आठच्या आत झालं तर सकाळ सरळ.

मालकांना सांगायचं बाकी होतं. ऐकताना ते भिंतीवरच्या रस्त्याच्या खुणांच्या तक्त्याकडे बघत राहिले आणि कानापर्यंत लाल झाले. "बाई, तुम्ही ऑफिसात बसा ना. लेखी परीक्षेचं शिकवा. खुर्ची आहे, पंखा आहे, बाजूलाच…"

"मालक, ते काम टेप लावला तरी होईल. मला दहाच्या आधी धडा देऊ नका आणि दोन धड्यांत अर्धा तास सोडा. बाकी मी बघते."

मालकांनी आणखी थोडा वेळ तक्ता पाहिला. मग रजिस्टर उघडून आठचे आणि नऊचे धडे खोडले.

सहा महिन्यांनी सतरावरून आठावर आलं, पण तिथेच अडून बसलं. तेव्हा सिस्टरांनी पुढचा उपाय काढला. एक पाण्याची पिशवी, नळी आणि टोकाला मऊ शंकू. रोज सकाळी ठराविक वेळी कोमट पाणी आत सोडायचं आणि आतडं खालून धुऊन काढायचं. ऐकून बाईंना कसंसंच झालं. सिस्टरांनी स्वतः शेजारी बसून दोनदा करवून घेतलं. पहिल्यांदा पाणी सगळीकडे गेलं, जायला हवं होतं तिथे सोडून. तिसऱ्या आठवड्यात जमलं. सकाळी सात ते पावणेआठ बाई संडासात रेडिओ घेऊन बसत, बातम्या संपायच्या आणि कामही संपायचं. आणि मग, बाईंना पहिल्या दिवशी खरंच वाटेना, दुपारी तीनपर्यंत काही नाही. नुसतं शांत पोट. त्या दिवशी त्यांनी दोन धड्यांच्या मधल्या अर्ध्या तासात काय करावं ते न सुचून गाडी पुसून काढली.

फुलवाली परीक्षेत पास झाली. परीक्षकाने विचारलं, एवढ्या गर्दीत हात कसा स्थिर राहिला? ती म्हणाली, "याहून मोठी परीक्षा देऊन आलेय मी." पण कोणती ते काही तिने सांगितलं नाही.

आता उरले बाइंडर. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी गाडी शिकायचं नाव काढलं नव्हतं. एका घरात एक ड्रायव्हर पुरे, असं त्यांचं मत. एका रविवारी चहा पिता पिता ते म्हणाले, "मला शिकव."

"आता? एकोणसाठाव्या वर्षी?"

"तुला वाटेत लागली, तर चाक कोणी धरायचं?"

बाईंनी कप खाली ठेवला. त्या काही बोलल्या नाहीत, हे त्या घरात क्वचितच घडे.

बाइंडर हे त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत वाईट विद्यार्थी निघाले. पुठ्ठा केसाएवढाही वाकडा न कापणारा माणूस, तो गाडीही तशीच चालवायचा. कडेला लावली की उतरून खिशातली फूटपट्टी काढून अंतर मोजायचा. मागे वाहनांची रांग लागायची. बाई ओरडायच्या. एकदा ते वैतागून म्हणाले, "घरी मी एवढं ऐकून घेत नाही."

"घरी तुम्ही ऐकतच नाही!"

पहिल्या परीक्षेत ते नापास झाले, फार हळू चालवतात म्हणून. दुसऱ्यांदा पास झाले. बाईंनी आळीत पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "सव्वीस वर्षांची अब्रू थोडक्यात वाचली."

मुलीने वर्षापूर्वी नवं घर घेतलं होतं. दर फोनला म्हणायची, "आई, घर जुनं व्हायला आलं गं, कधी येणार?" ऑपरेशनला दीड वर्ष होऊन गेल्यावर एका शनिवारी दोघं निघाली. सकाळचं पाणी झालं, अर्धी गोळी झाली. बॅगेत पॅड होते, जादा कपडे होते. घरच्या लहान गाडीचं चाक बाइंडरांकडे. तीन तासांच्या रस्त्याला त्यांनी साडेचार तास लावले. दर तासाभराने ते विचारत, "थांबू?" बाई म्हणत, "नको." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा रस्ता एका टेकडीवर आला होता आणि खाली नदीचं मोठं वळण दिसत होतं. बाई म्हणाल्या, "थांबा." बाइंडरनी घाबरून करकचून ब्रेक लावला.

"अहो, तसं नाही. बघायला."

दोघं दहा मिनिटं कठड्याशी उभी राहिली. वारा होता. बाईंनी घरून आणलेला भात डब्यातून खाल्ला, बाइंडरनी कांदा घातलेला पाव, बाईंपासून जरा लांब उभं राहून.

मुलगी दारातच उभी होती. मागे तिचा नवरा, दातांचा डॉक्टर. आतल्या पॅसेजमधला दिवा आधीच लावलेला, बाथरूमचं दार उघडं, बाहेर चपला आणि नवा टॉवेल. आई उतरताच मुलगी वाट मोकळी करून बाजूला झाली, कोणी तातडीचा पेशंट येत असावा तशी.

"उजवीकडे, आई. सरळ जा."

बाई उंबऱ्यात थांबल्या. पोटाची खबर घ्यावी तसा एक क्षण घेतला. मग त्यांनी चपला काढल्या, सावकाश, एकीशेजारी एक ठेवल्या.

"घाई नाही गं," त्या म्हणाल्या. "आधी घर दाखव."

तासाभराने त्यांना जावं लागलं, आणि निजायच्या आधी आणखी दोनदा. पण तोवर त्यांनी सगळ्या खोल्या पाहिल्या होत्या, स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहून चहा घेतला होता, आणि जावयाला अंगणात गाडी वाकडी लावल्याबद्दल चार शब्द ऐकवले होते.